तोतया आणि टपाल

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. तरी ते जिवंत आहेत ही वदंता मराठी मुलखात कित्येक वर्षे विरली नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. या अधांतरी आशेवरच एक तोतया उभा राहिला. रत्नागिरीस कैदेत असलेल्या या माणसाला १७७६ मध्ये तेथील सुभेदारानेच भाऊसाहेब म्हणून मोकळे केले आणि कोकणातील किल्ले त्याच्या हाती जाऊ लागले. वर्षअखेरीस तो पकडला गेला व पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे हे प्रकरण आपल्या परिचयाचे आहे.

आश्चर्य असे की, हाच समाज कागदाच्या बाबतीत विलक्षण दक्ष होता. राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे, अखेरीस मोर्तब. मोर्तबानंतरचा मजकूर मागाहून घुसडलेला समजावा, हा त्याचा अर्थ. लांब पत्राचे बंद जिथे चिकटवले जात, तिथे पाठीमागून शिक्का उमटे. मधला बंद बदलण्याची सोय राहत नसे. नाजूक मजकूर तर कागदावर येतच नसे. तो पत्र नेणारा 'मुखजबानी' सांगे. पत्र एका वाटेने आणि खातरजमा दुसऱ्या वाटेने, ही ती रीत होती.

आज मुळशी तालुक्यातील रिहे गावातून त्याच तालुक्यातल्या हिंजवडीच्या कचेरीत जाणाऱ्या तरुणापुढे रोज शेकडो ईमेल येतात. त्यांवर शिक्का नाही, मोर्तब नाही. पाठवणाऱ्याचे म्हणून दिसणारे नाव कोणीही लिहू शकतो. खरा पत्ता उघडून पाहावा लागतो. एखादे अक्षर बदललेला पत्ता हा आजचा तोतयाच.

आमच्या महाविद्यालयातही तो येऊन गेला. प्राचार्यांच्या नावाने एका सहकाऱ्यास ईमेल आला : 'बैठकीत आहे, फोन करू नका, तातडीने गिफ्ट कार्डे घेऊन क्रमांक कळवा.' त्यांनी कळवले. प्राचार्यांचे दालन वीस पावलांवर होते. 'विचारायला का गेला नाहीत?' असे आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, "साहेबांना कसं विचारायचं?"

या उत्तराने आम्हास अधिक अस्वस्थ केले. घाई आणि गुप्तता ही तोतयाची दोन लक्षणे; पण त्याचे खरे बळ आपल्या संकोचात असते. जिथे वरिष्ठांना प्रश्न विचारणे उद्धटपणा ठरतो, तिथे त्यांचे सोंग घेणाऱ्याला कोण अडवणार?

उपाय जुनाच आहे : मुखजबानी. संशयास्पद ईमेलला उत्तर देऊ नये, त्यातील दुवा वा जोडपत्र उघडू नये. त्यात दिलेल्या नव्हे, तर आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करावा आणि संगणक विभागास कळवावे, म्हणजे इतरही सावध होतात. पासवर्ड दिला गेला असेल तर तत्काळ बदलावा. पैसे गेले असतील तर लाजून गप्प न बसता बँकेस आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

आणि वरिष्ठांनी? विचारायला आलेल्यावर रागावू नये. शंका घेणारा कारकून हाच कचेरीचा खरा मोर्तब आहे.