मागची धग

चूल विझली तरी राखेत धग राहते. रानात कुणी कुठं चूल मांडली होती हे शोधायचं असेल, तर राख गार व्हायच्या आत जावं लागतं. आकाशातलं एक मोठं कोडं अशाच धगीमुळं सुटलं. त्याची गोष्ट आज सांगते.

१९६३ साली अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी करार केला, की हवेत आणि अवकाशात अणुबॉम्बच्या चाचण्या करायच्या नाहीत. कुणी चोरून चाचणी करतं का, हे पाहायला अमेरिकेनं 'वेला' नावाचे उपग्रह सोडले. अणुबॉम्ब फुटला की गॅमा किरण निघतात. हे किरण एक्स-रेपेक्षाही जोरकस असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, आणि वरून आले तर हवेतच अडतात. २ जुलै १९६७ रोजी उपग्रहांवर अशा किरणांचा एक झोत नोंदला गेला. पण तो बॉम्बचा नव्हता. पुढं असे आणखी झोत सापडले. ते ना पृथ्वीवरून येत होते, ना सूर्यावरून. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी ही गोष्ट जगाला सांगितली.

मग येत होते तरी कुठून? झोत काही सेकंदांत संपायचा, फार तर काही मिनिटांत. नेमकी दिशा कळायची नाही. दुर्बीण वळवणार कुठं? अंधारात जवळची पणती आणि लांबच्या डोंगरावरची होळी सारखीच दिसते. अंतर कळल्याशिवाय जाळ केवढा, ते सांगता येत नाही. काही शास्त्रज्ञ म्हणत, हे आपल्याच आकाशगंगेच्या आसपासचं आहे. काही म्हणत, फार लांबचं. १९९५ साली वॉशिंग्टनला जाहीर वादसभा झाली, तरी निकाल लागला नाही.

निकालाची वाट उघडली २८ फेब्रुवारी १९९७ ला. इटली आणि नेदरलँड्सच्या 'बेपोसॅक्स' उपग्रहानं मृग नक्षत्राच्या बाजूला एक झोत टिपला. हा तोच मृग, सूर्य ज्याच्यापाशी आला की आपण पेरणीच्या तयारीला लागतो. या उपग्रहाला जागा बरीच नेमकी सांगता येत होती. निरोप लगेच गेला. ॲमस्टरडॅमचे यान फान पाराडाइस आणि त्यांचे विद्यार्थी यांच्यासाठी ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीनं २१ तासांच्या आत फोटो काढला. आठवड्यानं त्याच जागेचा दुसरा फोटो घेतला. पहिल्यात दिसणारा उजेडाचा ठिपका दुसऱ्यात मावळला होता. हीच ती धग.

आता अंतर मोजायचं होतं. ८ मे १९९७ ला दुसरा झोत आला आणि त्याचीही धग सापडली. अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेच्या चमूनं हवाईमधल्या केक दुर्बिणीतून तिच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून तपासले. या चमूत होते श्रीनिवास कुलकर्णी. यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, १९५६ चा. आपल्याला माहीत असलेल्या लेखिका सुधा मूर्ती या त्यांच्या भगिनी. उत्तर आलं, की हा प्रकाश किमान ७०० कोटी वर्षं प्रवास करून आलाय. आपली पृथ्वी साधारण ४५० कोटी वर्षांची. म्हणजे हा जाळ पेटला तेव्हा पृथ्वी नव्हतीच! ती पणती नव्हती, होळी होती. वाद मिटला.

पुढं निरोप आणखी भरभर पोहोचू लागले. २३ जानेवारी १९९९ ला अमेरिकेत एका यंत्रानं झोत सुरू झाल्यापासून २२ सेकंदांत फोटो घेतला. त्या यंत्राला होत्या फक्त चार कॅमेऱ्यांच्या भिंगा. तो उजेड साध्या द्विनेत्रीतून दिसला असता. त्याच झोताची धग आपल्या नैनितालच्या दुर्बिणीनंही पाहिली.

यातले लांबलेले झोत बहुधा प्रचंड तारे कोसळताना निघतात. छोटे झोत दोन मेलेल्या ताऱ्यांच्या टकरीतून निघतात. १७ ऑगस्ट २०१७ ला अशी टक्कर कळली ती 'लायगो' यंत्रांमुळं. अवकाशाला बसलेला बारीकसा हादरा ही यंत्रं टिपतात. सुमारे ११ तासांत दुर्बिणींना जागा सापडली, आणि त्या उजेडात सोन्यासारखे जड धातू तयार होत असल्याच्या खुणा मिळाल्या. आपल्या मंगळसूत्रातल्या सोन्याचा काही अंश अशाच एखाद्या टकरीतून आला असेल.

असंच एक यंत्र आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायचं आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली. यंत्रं जितकी लांब लांब असतील, तितकी दिशा नेमकी कळते. उद्या कुठंतरी दोन तारे आदळतील, तेव्हा राख गार व्हायच्या आत कुठं पाहायचं, हे सांगायला औंढ्याचंही यंत्र असेल.