चौथ्या वर्गातला पहिला नंबर

फुटबॉलमधलं ऑफसाइड मला अजून कळलेलं नाही. नातवाने एकदा ताटात वाटी, लोणचं आणि पापड मांडून ते समजावलं. मला एवढंच कळलं, की पापड नको त्या जागी उभा होता आणि म्हणून तो खाता येत नव्हता.

तरीही आर्थर राउली या इंग्लिश फुटबॉलपटूबद्दल मला सख्ख्या नातेवाइकासारखी आपुलकी आहे. कारण अगदी घरगुती आहे. आर्थर धाकटा भाऊ होता. मीही धाकटा. आमचे दादा शाळेत पहिले येत. मास्तर मला पाहिलं की आधी प्रेमाने पाठीवर हात ठेवत, मग माझी वही उघडत, आणि मग तो हात हळूच काढून घेत.

आर्थरच्या दादाचं नाव जॅक. दोघेही वुल्वरहॅम्प्टन गावचे. जॅक 1918 चा, आर्थर 1926 चा. जॅक मँचेस्टर युनायटेडचा मोहरा! 1948 च्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात त्याने दोन गोल मारले. 1949 मध्ये इंग्लंडने उत्तर आयर्लंडला 9-2 असं झोडपलं, त्यातले चार गोल याचेच. देशाकडून एकूण सहा सामने खेळला. असा दादा घरात असल्यावर धाकट्याने काय करावं? आमच्यासारख्याने बँकेत चिकटावं. आर्थर गोल मारत सुटला.

सुरुवात यथातथाच होती. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून 24 सामन्यांत 4 गोल. मग फुलहॅम : 56 सामन्यांत 27. मग 1950 साली तो लेस्टर सिटीत गेला आणि पठ्ठ्याने रतीबच घातला. 303 सामन्यांत 251 गोल! 1956-57 च्या एकाच हंगामात 44. त्या वर्षी लेस्टरने दुसरा वर्ग जिंकला. आता 'दुसरा वर्ग' हे शब्द नीट वाचा. लेस्टरचा बहुतेक मुक्काम तेव्हा दुसऱ्या वर्गातच असे. आणि इंग्लंडचा संघ निवडणाऱ्या मंडळींची नजर दुसऱ्या वर्गावर पडे ती आपली, लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर श्रीखंड पडावं तशी. इंग्लंडच्या मुख्य संघातून आर्थर एकदाही खेळला नाही.

1958 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तो श्रूजबरी टाउनला गेला. खेळाडू आणि मॅनेजर अशा दोन्ही नात्यांनी. लीगचा चौथा वर्ग त्याच वर्षी सुरू झाला होता आणि श्रूजबरी त्यात होतं. म्हणजे आमच्या भाषेत हेड ऑफिसातून तालुक्याला बदली. मैदान सेव्हर्न नदीच्या काठावर. चेंडू उंच उडाला की थेट पाण्यात. मग एक गृहस्थ टोपलीएवढ्या होडीत बसून तो आणायला निघत. एव्हाना आर्थरचा देहही चांगला भरला होता. पण डाव्या पायाला त्याची वार्ता नसावी. पहिल्याच हंगामात 38 गोल, आणि श्रूजबरी तिसऱ्या वर्गात!

1961 साली त्याने डिक्सी डीनचा 379 लीग-गोलांचा विक्रम मागे टाकला. हा डीन म्हणजे 1927-28 च्या एकाच हंगामात 60 गोल मारणारा महापुरुष, बरं का! 1965 मध्ये आर्थर खेळायचा थांबला तेव्हा श्रूजबरीचा हिशेब होता 236 सामन्यांत 152. एकूण 619 सामने, 434 गोल. बेरीज मी दोनदा तपासली आहे. जन्मभर दुसरं केलंय काय? आर्थर 2002 मध्ये वारला. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने दादांना सांगितलं. दादा आता ऐंशीच्या पुढचे. कानाला यंत्र आहे, पण मी बोलायला लागलो की ते बहुधा बंद असतं. या वेळी मात्र त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "पण हे सगळं खालच्या वर्गातच ना रे?"

साठ वर्षं या प्रश्नाचं उत्तर मला सुचलं नव्हतं. या वेळी होतं. म्हटलं, "दादा, गोल आठ यार्ड रुंद आणि आठ फूट उंच असतो. पहिल्या वर्गात तेवढाच, चौथ्यातही तेवढाच. खालच्या वर्गाला कुणी दार मोठं करून देत नाही."

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझी ती तालुक्याची शाखा... एकतीस मार्चला ताळेबंद पैशाला पैसा जुळायचा म्हणे. कधी सांगितलं नाहीस."

मी काही बोललो नाही. फक्त उठून चहा टाकायला आत गेलो. साखर त्यांना चालत नाही, तरी अर्धा चमचा घातली.