सोळा आण्यांची माती

साहित्याच्या वर्गात 'माती' हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. एखाद्या कादंबरीला 'मातीचा वास' असतो, एखादा कवी 'मातीतून आलेला' असतो, कुणाची नाळ 'मातीशी जोडलेली' असते. ही माती नेमकी कोणती, असे मात्र आपण विचारत नाही. जालना जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात हाच शब्द फळ्यावर लिहिला जातो, तेव्हा समोर बसलेल्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या घरी त्याला एकवचन नसते. तिथे भारी असते, मध्यम असते, हलकी असते. मुरमाड, बरड, चुनखडीची, चोपण, गाळाची, मळईची असते. समीक्षेची माती एक आणि शेतकऱ्याची दहा, ही तफावत आम्हांला दुर्लक्षिण्याजोगी वाटत नाही. या दहांपैकी चांगली कोणती आणि वाईट कोणती, हे कोणी, कशाच्या आधारे ठरवले, या प्रश्नाला एक इतिहास आहे. तो इतिहास भाषेचाही आहे, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी तो पाहावा असे आम्हांस वाटते.

प्रथम भूगोल. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी, मुख्यतः औरंगाबाद जिल्ह्यातून आणि परतूरचा भाग परभणीतून घेऊन, निर्माण झाला. जिल्हा नवा असला तरी त्याच्या पायाखालचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. हा काळा बेसॉल्ट कुजून, झिजून मुरूम होतो आणि मुरमाची पुढे माती होते. उत्तरेकडे भोकरदन-जाफराबादच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे येतात. तिथल्या उतारांवर पावसाने धुऊन उरलेली, वीतभर खोलीची मुरमाड जमीन आढळते. दक्षिणेकडे अंबड, घनसावंगी, परतूर या पट्ट्यात गोदावरी आणि दुधना यांच्या खोऱ्यांत वरून वाहून आलेला बारीक अंश शतकानुशतके साचला आणि खोल काळी जमीन तयार झाली. एकाच गावात, एकाच टेकडीच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालत गेले तरी हा सारा क्रम दिसतो: माथ्यावर बरड, मधल्या उतारावर मध्यम, तळाशी भारी. म्हणजे वरच्या शेताची झीज ही खालच्या शेताची श्रीमंती असते.

जुन्या मराठी गावाने या भूगोलाला दोनच शब्दांत बांधले होते: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाच्या वाचकांना ही जोडी परिचित आहे. तिच्यामागे मातीचा स्वभाव उभा आहे. काळ्या मातीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात घालावा एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर भिंत उभी राहत नाही. उलट पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती यांतून साठलेली गावठाणाची पांढरी माती घट्ट बसते. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांवर हीच माती थापतात, कारण पावसाचे पाणी ती सहसा खाली उतरू देत नाही. खत म्हणून शेतकऱ्यांनी ती खणून शेतातही नेली. केळना नदीकाठच्या भोकरदनला १९७३ साली उत्खनन झाले आणि सातवाहनकालीन भोगवर्धन नगराचे अवशेष हाती आले. ते नगरही अशाच पांढरीच्या थरांखाली होते. काळी माणसाला जगवते आणि पांढरी त्याचा इतिहास सांभाळते, असे म्हटले तर ती नुसती कविकल्पना ठरणार नाही.

शेतकऱ्याच्या शब्दांचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, ते मातीच्या रूपापेक्षा तिच्या वागण्याचे वर्णन करतात. 'भारी' आणि 'हलकी' हे शब्द औताला लागणारा जोर सांगतात. 'चोपण' म्हणजे ओली असता चिकटणारी, वाळली की दगड होणारी, पाणी न मुरू देणारी. आणि या साऱ्यांवर कळस म्हणजे 'वाफसा' हा शब्द. पावसानंतर जमीन फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही, तिच्यात पाणी आहे आणि हवाही आहे, अशा अवस्थेचे हे नाव. हलक्या जमिनीला वाफसा लवकर येतो आणि लवकर जातो. भारी जमिनीत तो उशिरा येतो आणि तो साधण्याची वेळ थोडी असते. चुकली की पाभर एक तर चिखलात रुतते, नाही तर ढेकळांवरून घसरते. जमिनीच्या प्रतीची ही मोजणी दिवसांची आणि अनुभवाची होती. ती कोणत्याही वहीत नोंदली जात नव्हती.

राज्यकर्त्यांना मात्र वही हवी असते. सतराव्या शतकाच्या प्रारंभी निजामशाहीच्या मलिक अंबराने बसवलेल्या महसूल पद्धतीचे नाव 'मलिकंबरी' म्हणून मराठी मुलखात दीर्घकाळ टिकले. जमिनीचा मगदूर पाहून सारा ठरवावा, हे तिचे सूत्र होते. पुढे १६५२ ते १६५८ या काळात औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने वेगळा निकष पुढे आणला. नुसत्या पावसावर आलेल्या पिकाचा निम्मा हिस्सा सरकारचा, विहिरीच्या पाण्यावरील धान्याचा तिसरा हिस्सा आणि उसासारख्या अधिक कष्टाच्या पिकांचा त्याहून कमी. पाणी कोठून आले आणि ते आणायला कोणी किती खपले, हे येथे पाहिले जात होते. वाटा मोठा होता, अंमल कडक होता, हे खरेच. पण पीक बुडाले तर वाटाही आपोआप घटत असे. आज मराठवाड्यात जुन्या कागदांत 'खुश्की', 'तरी', 'बागायत' हे जमिनीचे प्रकार भेटतात. त्यांच्या मुळाशीही पाण्याचाच विचार आहे.

एकोणिसाव्या शतकात हा विचार पालटला. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापुरात मोजणीचे काम सुरू केले आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीला नियमांचे रूप दिले. तिने जमिनीच्या नऊ प्रती केल्या. शेतात जागोजागी खणून मातीची खोली हातांत मोजायची, पोत व रंग पाहायचा. बारीक पोताची, काळी किंवा गडद तपकिरी आणि पावणेदोन हात, म्हणजे साधारण ऐंशी सेंटिमीटर खोलीची माती ती पहिल्या प्रतीची. तिची किंमत सोळा आणे. खोली कमी होईल, पोत भरड होईल, तसतशी प्रत उतरत जायची. नववी, शेवटची प्रत दोन आण्यांची. चुनखडीचे खडे, रेती, उतार, पाण्याचा लोंढा अंगावरून जाणे, असे दोषही नोंदायचे आणि प्रत्येक दोषागणिक जमीन एका प्रतीने खाली उतरवायची. सालारजंगाच्या सुधारणांनंतर निजामाच्या राज्यातही मराठवाड्याची मोजणी याच धर्तीवर झाली.

या कोष्टकाची बुद्धिमत्ता नाकारता येणार नाही. मनास येईल तसा सारा आकारण्यापेक्षा ते निश्चितच न्याय्य होते. परंतु त्याने एक गोष्ट गृहीत धरली: जमिनीचे मोल जमिनीतच असते आणि ते दीर्घकाळ स्थिर असते. पाऊस कोष्टकाच्या बाहेर राहिला, पीकही बाहेर राहिले. रुपयाचे सोळा आणे ही प्रतिमा मात्र भाषेत अशी रुजली की १९५७ साली दशमान नाणी येऊन आणा चलनाबाहेर पडू लागला तरी 'आणेवारी' हा शब्द तोंडातून गेला नाही. पुढे त्याची 'पैसेवारी' झाली, मातीच्या प्रतीऐवजी हंगामाच्या पिकाला ती लागू लागली, आणि पन्नास पैशांच्या खाली गेलेल्या गावांची यादी हा मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा विषय झाला.

सोळा आण्यांची ती जमीन खरोखर सोळा आण्यांची होती काय? ज्वारीच्या काळात होती. वर्षाला सरासरी साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस, तोही खंड पाडत येणारा. अशा मुलखात खोल काळी माती पाण्याच्या रांजणासारखी वागते. पावसाळाभर शेत मोकळे ठेवून पाळ्या घालायच्या, ओल धरायची आणि पावसाळा ओसरता शाळू पेरायचा. तो ओलीवर आणि थंडीवर येतो. हलक्या रानात बाजरी, मूग, उडीद. या व्यवस्थेत विंगेटसाहेबाचा पहिला क्रमांक आणि कुणब्याचा पहिला क्रमांक एकच होता.

मग मोसंबी आली आणि कोष्टक उलटे झाले. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्रही आहे. या झाडाला हवी असते निचऱ्याची, मध्यम खोलीची, खाली मुरूम असलेली जमीन. भारी काळ्या रानात पाणी मुळांशी साचते, मुळे कुजतात, खोडावर डिंक्या येतो. बहार धरण्यासाठी झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे काही काळ पाणी तोडावे लागते. भारी जमीन ओल सोडतच नाही, त्यामुळे ताण बसायला फार दिवस जातात. दहा-बारा आण्यांच्या मातीने असा सोळा आण्यांच्या मातीवर विजय मिळवला. जालना तालुक्यातील कडवंचीची कथा याच जातीची आहे. चढउताराच्या, हलक्या जमिनीच्या या गावात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे काम झाले. बांधबंदिस्ती, पुढे शेततळी, आणि मग त्या मुरमाड रानावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. ज्या मातीला कोष्टकाने तळाशी बसवले होते, तिच्यावर द्राक्षाचे गाव वसले.

पण या विजयाची किंमतही सांगितली पाहिजे. हलकी जमीन पाणी धरत नाही. म्हणून बाग जगते ती विहिरीच्या, बोअरच्या, तळ्याच्या जिवावर. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या आणि अनेकांनी वर्षानुवर्षे जपलेली झाडे कुऱ्हाडीने तोडून सरपणाला घातली. खोल काळ्या रानातील शेतकऱ्याचा एक हंगाम जातो. बाग गेली की दहा-पंधरा वर्षे जातात.

कापसाची गोष्ट याच्या उलट दिशेने तिथेच पोचते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात 'महिको' स्थापन केली आणि हे शहर संकरित बियाण्यांचे केंद्र झाले. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. कापूस हे मूळचे खोल काळ्या जमिनीचे पीक, इतके की त्या जमिनीला त्याचेच नाव मिळाले. बियाण्याची पाकिटे मात्र जमिनीची प्रत विचारत नाहीत. कापूस हलक्या, बरड रानातही चढला. बोंडे भरण्याच्या वेळी पावसाने पाठ फिरवली की तिथे वीतभर मातीत ओल उरत नाही आणि उसनवारीचे बियाणे, खत, फवारणी यांचा हिशेब अंगावर येतो. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने लवकर तयार होणारे तुरीचे वाण काढले, ते ओल संपण्याआधी पीक हाती यावे म्हणून. त्यामागे मातीच्या खोलीचे भान आहे.

दक्षिणेत तिसरीच गोष्ट घडली. १९७६ साली जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले आणि डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगी, परतूरच्या भारी जमिनींना पाणी आले. पाठोपाठ ऊस आला. अतिपाणी आणि अपुरा निचरा झाला तर भारी जमिनीत क्षार वर येतात आणि रान चोपण होते. पहिल्या प्रतीची जमीन एका माणसाच्या हयातीत उतरू शकते. सर्वेक्षकाने मानलेली स्थिरता येथेही खोटी ठरते. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) लिहिताना डोंगरउतारांवर ताली-बांध घालण्याचे काम सरकारने फौजेकडून आणि पोलिसांकडून करवून घ्यावे, असे सुचवले होते. माती कागदावर स्थिर असते, शिवारात वाहत असते, हे त्यांनी ओळखले होते.

आज शेतकऱ्याच्या हाती मृदा आरोग्य पत्रिका येते. २०१५ पासूनच्या या योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा बारा बाबी तपासतात. तिचा उपयोग आहेच. परंतु या बारांत मातीची खोली नाही, निचरा नाही, वाफशाला लागणारे दिवस नाहीत. मोगलांच्या वहीत पाणी होते, खोली नव्हती. विंगेटच्या वहीत खोली होती, पाणी नव्हते. आजच्या पत्रिकेत रसायन आहे, ही दोन्ही नाहीत. प्रत्येक राजवटीने आपल्याला हवे तेवढेच मोजले. सर्व बाजूंनी मोजणारी वही एकच होती, आणि ती शब्दांची होती: बरड, मळई, चोपण, चुनखडी, वाफसा.

ही वही पुसत चालली आहे. घरातील जाणते माणूस गेले की तिची काही पाने जातात, आणि मग बरड रानात कापूस लावायचा की नाही हे दुकानदार सांगतो. आपल्या विद्यार्थ्यांकडे या वहीची अखेरची पाने अजून आहेत. पुढच्या वेळी एखाद्या ग्रामीण कादंबरीला 'मातीचा वास आहे' असे कोणी उत्तरपत्रिकेत लिहिले, तर समासात एकच प्रश्न लिहून पाहावा: कोणत्या मातीचा? आमची खात्री आहे की मागच्या बाकावरील एखादा मुलगा त्याचे उत्तर आपल्यापेक्षा चांगले देईल.