कंस कुठे मिटतो?

वाई आणि सांगली ही दोन्ही कृष्णाकाठची गावं. वाईत मराठी विश्वकोश घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. असा सगळा मजकूर आता आपण मोबाइलवर वाचतो. मला त्यातल्या कंसांचं फार कुतूहल आहे, कारण कंसाच्या पोटात कंस आला की संगणकाच्या इतिहासातला एक जुना पेच समोर येतो.

मी रचलेलं हे वाक्य पाहा: विष्णुदास भावे (सांगलीत (१८४३) सीतास्वयंवर करणारे) मराठी रंगभूमीचे जनक मानले जातात.

समजा, कंसातलं सगळं काढायचं आहे. त्यासाठी अनेकजण रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजेच रेजेक्स वापरतात. मजकुराचा साचा सांगायचा, जुळेल ते उचलायचं. ‘पहिल्या बंद कंसापर्यंत काप’ म्हटलं, तर कात्री १८४३ पाशीच थांबते आणि उरलेलं शेपूट वाक्यात लोंबकळतं. ‘शेवटच्या बंद कंसापर्यंत काप’ म्हटलं, तर हे वाक्य सुटतं. पण पुढे आणखी एखादा स्वतंत्र कंस असेल, तर मधला चांगला मजकूरही जातो. वेबपानावर एका डिव्ह टॅगमध्ये दुसरा डिव्ह असला की हेच घडतं.

याचं कारण रेजेक्सच्या जन्मात आहे. १९४३ साली मॅककुलक आणि पिट्स यांनी मेंदूतल्या चेतापेशींचं गणिती चित्र मांडलं. अशी जाळी नेमकं काय ओळखू शकतात, हे शोधताना स्टीफन क्लीनी यांना रेग्युलर एक्स्प्रेशन सापडली. त्यांचा लेख १९५६ साली छापून आला. या यंत्राची स्मृती ठरावीक असते. समजा त्याच्या दहाच अवस्था आहेत. शून्यापासून दहापर्यंत उघडे कंस म्हणजे अकरा शक्यता. मग दोन वेगळ्या खोल्या त्याला एकसारख्याच दिसणार! १९६८ साली केन थॉम्पसन यांनी रेजेक्सने मजकूर शोधायची वेगवान रीत मांडली. वेग आला, मर्यादा तशीच राहिली.

मोजणी हा साधा उपाय आहे. कंस उघडला की एक वाढवा, मिटला की एक कमी करा. आकडा शून्यावर आला की बाहेरचा कंस मिटला. आकडा कितीही वाढू शकतो, म्हणून खोलीची भीती नाही.

पण टॅग अनेक प्रकारचे असले, तर नुसता आकडा पुरत नाही. कोणता टॅग आधी मिटायला हवा, हे लक्षात ठेवावं लागतं. तिथे आपली उतरंड आठवा: शेवटी ठेवलेलं मडकं आधी उतरतं. जर्मनीत बाउअर आणि सामेलसन यांनी १९५७ साली याच कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांनी तिला नाव दिलं ‘केलर’, म्हणजे तळघर. आज आपण तिला स्टॅक म्हणतो.

पर्लसारख्या भाषांनी पुढे रेजेक्सला स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची सोय दिली. पण ती म्हणजे आत लपवलेली उतरंडच. शिवाय वेबपानात टिपा असतात, न मिटणारे टॅग असतात. म्हणून तिथे तयार पार्सर वापरणंच शहाणपणाचं.

चुकीचा साचा एरर दाखवत नाही. तो गुपचूप परिच्छेद गिळतो. वर्षानुवर्षं खपून लिहिलेल्या नोंदीतलं एखादं साल असं गेलं, तर ते गेल्याचं कुणाला कळणारही नाही. म्हणून मजकूर साफ करण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: इथे पोटात पोट आहे का? असेल, तर मोजायला लागायचं.