यँकोव्हिक, ‘वीअर्ड अल’

(२३ ऑक्टोबर १९५९ – ). अमेरिकन विडंबनगीतकार, गायक व अकॉर्डियनवादक. पूर्ण नाव अल्फ्रेड मॅथ्यू यँकोव्हिक. जन्म कॅलिफोर्नियातील डाउनी येथे. वास्तुकलेचे पदवीधर. ‘डॉ. डिमेंटो’ यांच्या रेडिओ कार्यक्रमातून त्यांची गाणी प्रथम लोकांपर्यंत पोहोचली. मायकेल जॅक्सन यांच्या ‘बीट इट’चे ‘ईट इट’ (१९८४) हे विडंबन जगभर गाजले व त्याला ग्रॅमी पुरस्कार लाभला. मूळ गाण्याची चाल व वाद्यमेळ काटेकोरपणे जपून खाणेपिणे, टीव्ही अशा रोजच्या विषयांवर नवे शब्द रचणे, हे त्यांचे वैशिष्ट्य. विडंबनापूर्वी मूळ कलावंताची संमती घेण्याचा शिरस्ता त्यांनी पाळला. गाजलेल्या गाण्यांच्या पोल्का-मालिका व स्वतंत्र विनोदी गीतेही त्यांनी रचली. ‘मँडेटरी फन’ (२०१४) हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत थेट अग्रस्थानी पोहोचला. तीन दशकांहून अधिक काळ बदलत्या अभिरुचीशी नाते राखून त्यांनी विनोदी गीताला प्रतिष्ठा मिळवून दिली.