दात, चणे आणि हिशेबाची वही

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेली असते. व्हाइटफील्डला राहायला आल्यावर तीच म्हण मला कन्नडमध्ये भेटली. 'हल्लु' म्हणजे दात, 'कडले' म्हणजे चणे. बाकी सगळा डाव तोच. काहीच करावं न लागण्याचा असा योग भाषांतरकाराच्या वाट्याला क्वचित येतो. मात्र दोन्ही भाषांतली म्हण एक गोष्ट गृहीत धरते, की चणे पुन्हा मिळवता येतात, दात नाहीत. गेल्या अडीचशे वर्षांत दातही बाजारात आले आणि म्हणीचं गणित बदललं. आता प्रश्न असा, की दात केवढ्याला, आणि ते पैसे कोणाच्या खिशातून?

जुन्या वाङ्मयात बोळक्या तोंडावर दोन उपाय सांगितले आहेत, आणि तेही एकाच देवाच्या बाबतीत. पूषा हा वैदिक देव दंतहीन. शतपथ ब्राह्मणात त्याला दात नाहीत म्हणून त्याचा हविर्भाग दळलेल्या पिठाचा असतो. चरकसंहितेत मात्र अश्विनीकुमारांच्या पराक्रमांच्या यादीत पूषाचे पडलेले दात त्यांनी पुन्हा नीट केल्याचं सांगितलं आहे. याज्ञिकांनी अन्न बदललं, वैद्यांनी तोंड बदललं. आपल्या घरांनी शतकानुशतकं याज्ञिकांचाच मार्ग धरला. खलबत्त्यात कुटलेला विडा, दुधात कुस्करलेली भाकरी, गुरगुट्या भात. त्याला पैसे पडत नाहीत असं आपण म्हणतो, कारण कुटणाऱ्या हातांची मजुरी कुठल्याच वहीत मांडलेली नसते.

वैद्यांच्या मार्गाची मात्र वही आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या हिशेबात मे १७८४मध्ये एक नोंद सापडते. नऊ दातांबद्दल 'निग्रोंना' सहा पौंड दोन शिलिंग दिले. हे दात त्याच्याच कवळीत बसले की नाही, हे वही सांगत नाही. पण किंमत सांगते. त्याच सुमारास ल मेयर नावाचा फ्रेंच दंतवैद्य अमेरिकेत वर्तमानपत्रांतून जाहिरात देत होता, की पुढचा दात विकणाऱ्याला दोन गिनी मिळतील. त्या दराने नऊ दातांचे अठरा गिनी, म्हणजे ३७८ शिलिंग व्हायला हवेत. दिले गेले १२२. वॉशिंग्टनच्या मळ्यावरच्या गुलामांना दर दाताला बाजारभावाच्या एक तृतीयांशही मिळाले नाहीत. वॉशिंग्टनची कवळी लाकडी होती ही दंतकथा शाळेच्या पुस्तकांतून आपल्यापर्यंतही पोचली आहे. खऱ्या कवळ्यांत हस्तिदंत, पाणघोड्याचा दात, धातू आणि माणसांचे दात होते. लाकडाची गोष्ट जास्त टिकली, कारण ती ऐकायला सोपी जाते.

एकाचं तोंड भरण्यासाठी दुसऱ्याचं रिकामं करायचं, हा धंदा आणखी काही दशकं चालला. १८१५च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावरच्या मृतांचे दात काढून विकले गेले. इंग्लंडमध्ये पुढे कित्येक वर्षं अशा मालाला 'वॉटर्लूचे दात' हेच नाव राहिलं. तोवर चिनी मातीचे दात निघाले होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते चांगल्यापैकी रुळले. तरी हे दात ज्यावर बसवायचे तो पाया सोन्याचा किंवा हस्तिदंताचा असे, त्यामुळे कवळी ही श्रीमंतांचीच वस्तू राहिली.

ती स्वस्त झाली रबरामुळे. गंधक घालून तापवलेलं कडक रबर, म्हणजे व्हल्कनाइट, १८५०च्या दशकात दंतवैद्यांच्या हाती आलं. ते हिरडीच्या ठशावर नेमकं बसे आणि सोन्याच्या तुलनेत किरकोळ किमतीत मिळे. त्याआधी, १८४६मध्ये, ईथरची गुंगी देऊन शस्त्रक्रिया करण्याचा जाहीर प्रयोग झालेला होता. दात काढणं सुसह्य झालं आणि बसवणं परवडू लागलं. पण १८६४मध्ये व्हल्कनाइटच्या कवळीचं पेटंट मंजूर झालं, आणि ते हाती असलेल्या गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीने प्रत्येक दंतवैद्याकडे परवान्याची फी मागायला सुरुवात केली. देणार नाही त्याच्यावर खटला. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन गावोगाव फिरून अशांना शोधून काढी. एप्रिल १८७९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सॅम्युअल चॅल्फंट नावाच्या दंतवैद्याने त्याला गोळी घातली. १८८१मध्ये पेटंटची मुदत संपली आणि रबर मोकळं झालं.

या इतिहासातून मला एक साधा हिशेब दिसतो. कवळीच्या किमतीत तीन गोष्टी असतात: जिन्नस, हात आणि परवानगी. जिन्नस म्हणजे ती कशाची केली. हात म्हणजे कोणी केली. परवानगी म्हणजे ती करण्याचा हक्क कोणाकडे आहे. जिन्नस स्वस्त झाला की किंमत उतरेल असं वाटतं. पण पुष्कळदा जिन्नस उतरतो आणि परवानगी चढते.

रबर मोकळं झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८२मध्ये, मी राहते ते गाव वसायला सुरुवात झाली. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने अँग्लो-इंडियन कुटुंबांनी शेती करून स्वतःच्या पायावर उभं राहावं, अशी ती योजना होती. गावाला नाव व्हाइट यांचं. इथल्या वेव्हर्ली इनमध्ये तरुण विन्स्टन चर्चिल येत असे, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. चर्चिल बेंगळुरूच्या छावणीत होता हे मात्र पक्कं. इथल्या क्लबच्या १८९९च्या वहीत त्याच्या नावावर वसूल न होणारे तेरा रुपये मांडलेले आहेत. पुढे त्याच चर्चिलच्या तोंडात सोन्याच्या पायावरची कवळी होती. त्यातली एक २०१० साली लिलावात पंधरा हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली.

चर्चिल इथे आला तो दातांच्या इतिहासातल्या त्याच्या दुसऱ्या एका कामासाठी. जुलै १९४८मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि कवळी फुकट मिळू लागली. मागणी सगळ्या अंदाजांपलीकडे गेली. वर्षानुवर्षं लाजून हसणारी माणसं रांगेत उभी राहिली. एप्रिल १९५१मध्ये कोरियाच्या युद्धामुळे संरक्षणखर्च वाढला, तेव्हा मजूर पक्षाच्याच अर्थमंत्र्याने कवळी आणि चष्म्याचा अर्धा खर्च लोकांवर टाकला. ही सेवा ज्याने उभी केली त्या अन्यूरिन बेव्हनने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी चर्चिल सत्तेवर परतला आणि १९५२मध्ये त्याच्या सरकारने दातांच्या उपचाराला एक पौंड आकारायला सुरुवात केली. कवळीसारख्या क्षुल्लक वस्तूवरून मंत्री पायउतार होतो याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं असेल. मला ते वाटत नाही. फुकटच्या यादीतून सगळ्यांत आधी काय वगळायचं, यावरून राज्य कोणाचं शरीर कितपत आपलं मानतं ते कळतं.

त्याच १९४८मध्ये आपल्याकडे दंतवैद्यक कायदा झाला. ब्रिटनने त्या वर्षी कवळीचे पैसे कोण देणार ते ठरवलं; आपण ती कोणी करायची ते. कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागात पदवीधर. 'ब' भागात पदवी नसलेले, पण आधीपासून याच धंद्यावर पोट असलेले. कोलकाता-मुंबईतले चिनी दंतकारागीर वडिलांकडून मुलाकडे हीच कला देत आले होते. हा दरवाजा आत असलेल्यांसाठी होता. नंतर येणाऱ्यांसाठी पदवी हाच रस्ता राहिला. रुग्णाच्या दृष्टीने ते योग्यच होतं. निर्जंतुक न केलेली हत्यारं आणि हिरडीत कायमचं चिकटवलेलं अॅक्रिलिक यांतून जखमा आणि जंतुसंसर्ग होतो. पण पदवीसोबत पदवीचा खर्चही कवळीच्या किमतीत येऊन बसला.

त्यामुळे फुटपाथ रिकामा झाला नाही. बेंगळुरूच्या एका बसस्थानकापाशी पथारीवर दातांच्या रांगा मांडून बसणाऱ्या कारागिराची छायाचित्रं दहाएक वर्षांपूर्वी वृत्तसंस्थांनी जगभर पोचवली. आठशे रुपयांत पूर्ण कवळी, अर्ध्या तासात. व्हाइटफील्ड आणि तो फुटपाथ आज एकाच शहरात आहेत. एकाच तिकिटात माणूस एका किमतीकडून दुसऱ्या किमतीकडे जातो.

या दोन टोकांच्या मध्ये राज्याने एक पाऊल टाकलं, त्याचं मला विशेष वाटतं. कर्नाटकाने २०१३मध्ये 'अन्नभाग्य' ही धान्याची योजना आणली, आणि त्यानंतर दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना मोफत कवळी देणारी 'दंतभाग्य'. आधी चणे, मग दात. म्हण सरकारी कागदावर इतकी नीट उलगडलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

आमच्या घरात हा इतिहास गेल्या वर्षी कोटेशनच्या रूपात आला. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मूळच्या बेळगावच्या. खालचे चारच दात उरले होते, तेही हलत होते. घराजवळच्या एका दवाखान्यात तीन आकडे मिळाले. साधी काढघालीची कवळी, वरची-खालची मिळून, अठरा हजार. दोन इम्प्लांट बसवून त्यांवर खालची कवळी अडकवायची, तर सव्वा लाखाच्या घरात. चार इम्प्लांटवर कायमचे पक्के दात, एका जबड्याचे अडीच लाखांच्या पुढे. ब्रिजचा प्रश्नच नव्हता; त्याला दोन्ही बाजूंना धडधाकट दात लागतात आणि ते घासून बारीक करावे लागतात. विम्यात यातलं काहीच बसत नव्हतं. अपघाताखेरीज दात बहुतेक पॉलिसींच्या बाहेरच असतात.

या आकड्यांमागेही तेच तीन घटक आहेत. इम्प्लांटचा जिन्नस म्हणजे टायटेनियमचा लहानसा स्क्रू. टायटेनियम हाडाशी एकजीव होतं हे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाला १९५०च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांत दिसलं. १९६५मध्ये त्याने पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. त्या रुग्णाने ते चाळीस वर्षं वापरले. साध्या कवळीखालचं हाड हळूहळू झिजतं, कवळी सैल होते, दर काही वर्षांनी पुन्हा अस्तर द्यावं लागतं. म्हणून २००२मध्ये माँट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्याला किमान दोन इम्प्लांट हाच पहिला पर्याय मानावा, असं म्हटलं. वैद्यकीयदृष्ट्या मधला आकडा सगळ्यांत शहाणपणाचा होता.

सासूबाईंनी मात्र वेगळा भागाकार मांडला. "अगं, सव्वा लाख भागिले किती वर्षं, ते सांग की. मग ठरवू." डॉक्टरांनी वर्षं सांगितली ती इम्प्लांटची. त्या विचारत होत्या स्वतःची. नवऱ्याने आणि मी पैशांची तयारी दाखवली होती, पण म्हातारपणी आपल्यावर झालेला खर्च आपल्या आयुष्याने फेडला पाहिजे, हा हिशेब त्यांच्या पिढीच्या बायकांनी फार लवकर शिकलेला असतो. खलबत्त्याची मजुरी ज्यांनी कधी मांडली नाही, त्या स्वतःवरचा रुपया मात्र बिनचूक मांडतात. आम्ही तो भागाकार मान्य केला नाही. दोन इम्प्लांट बसले, तीन महिने मऊ भात, मग कवळी.

'कवळी' या शब्दात मला 'कवळ' ऐकू येतो, म्हणजे घास. इंग्रजी शब्दात दात आहेत, हिंदीतल्या 'बत्तीसी'त बत्तीसची मोजदाद आहे. मराठी शब्द कानाला थेट जेवणापर्यंत नेतो. किमतीचा निवाडाही तिथेच व्हावा असं मला वाटतं. जिन्नस, हात आणि परवानगी यांचे भाव काळाप्रमाणे चढत-उतरत राहतील. पण घास चावून खाण्याचा हक्क उरलेल्या वर्षांनी भागायचा नसतो.