न दिसणाऱ्या यशाचे मानकरी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत उत्सवांची, नाटकांची, आजीमाजी अध्यक्षांची आणि देणगीदारांची नोंद व्हावी हे उचितच आहे. परंतु परमुलखात आलेली आमची बिऱ्हाडे ज्यांच्या जागरूकतेमुळे निर्धास्तपणे नांदली, त्या एका वर्गाचा उल्लेख सहसा कोठेही आढळत नाही. तो वर्ग म्हणजे आरोग्य निरीक्षकांचा. जुन्या मंडळींच्या तोंडी 'सॅनिटरी इन्स्पेक्टर' हेच नाव असे. नळाच्या पाण्यात क्लोरीन उतरला आहे की नाही, गटार तुंबले आहे काय, साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या आहेत काय, हे पाहत गल्लोगल्ली हिंडणे हे त्यांचे काम. साथ आली तर तिचा इतिहास लिहिला जातो. न आलेल्या साथीचा इतिहास कोण लिहिणार?

आम्हा मराठी जनांच्या स्मृतीत या कार्याचा प्रवेश मात्र कटू प्रसंगाने झाला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढे साथ पुण्यास पोहोचली. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, रँडसाहेबांच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघर आणि माजघर यांचाही मुलाहिजा राहिला नाही. २२ जूनच्या रात्री त्या संतापाचे पर्यवसान कशात झाले, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्यासमवेत रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. सेवा करता करताच प्लेगची बाधा होऊन १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला. एकाच शहरात, एकाच वर्षी, आरोग्यरक्षणाच्या दोन वाटा अशा समोरासमोर दिसल्या : एक धाकाची, दुसरी विश्वासाची. पुढील सर्व इतिहास या दोहोंपैकी कोणती वाट धरावी, याचाच आहे.

प्रशिक्षित निरीक्षकांची गरज पुढे सर्वत्र जाणवू लागली. १९२६ साली मुंबईत स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेने या विषयाचा पदविका अभ्यासक्रम चालवून नगरपालिकांना असे अनेक सेवक पुरविले.

आता आमच्या सोडाल्याकडे वळू. १७२७ साली सवाई जयसिंहांनी आखून वसविलेल्या जयपूरच्या परकोटाबाहेर, अजमेर रस्त्यावरील ही वस्ती. जवळूनच द्रव्यवती नदी वाहते. लोक तिला अमानीशाहचा नाला म्हणत आले. महाराजा रामसिंह द्वितीय यांच्या कारकिर्दीत याच प्रवाहाचे पाणी नळांनी शहरास पुरविले जात असे, हे आज कोणास खरेही वाटणार नाही. शहर वाढले, सांडपाणी आणि सांगानेरच्या रंगाईचे पाणी त्यात मिसळत गेले आणि जलदात्री नदी नुसता नाला होऊन बसली. जुलै १९८१ च्या महापुराने पाण्याचा मार्ग अडविल्याचे फळ जयपूरला दाखविले. नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम २०१६ साली सुरू झाले. दक्षता सुटली की काय होते, याचा धडा असा आमच्या दाराशीच आहे.

दक्षता टिकली की काय साधते, याचे उदाहरणही राजस्थाननेच दिले. 'नारू' हा शब्द मराठीत आणि येथील बोलीतही एकच. कारण दुःखही एकच होते. बावडीच्या पाण्यातील सूक्ष्म जलकीटकांतून नारूची अळी पोटात जाई. सुमारे वर्षभराने हातभर, कधी त्याहूनही लांब कृमी बहुधा पायातून बाहेर पडू लागे. आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवी आणि तेच पाणी पुन्हा दूषित होई. यावर औषध नव्हते, लसही नव्हती. १९८४ मध्ये महाराष्ट्र आणि राजस्थान धरून सात राज्यांत सुमारे ४०,००० रोगी नोंदले गेले. आरोग्यसेवक गावोगाव फिरले. पाणी दाट कापडातून गाळण्यास त्यांनी शिकविले, रोग्यास पाण्यात उतरू नये म्हणून विनविले, पाण्यात औषध टाकले. पायऱ्यांच्या बावड्या बंदिस्त करणे, हातपंप बसविणे ही कामेही झाली. बावडी ही पिढ्यानपिढ्यांच्या श्रद्धेची जागा. तेथे सोजिरांची दांडगाई चालली नसती. देशातील अखेरचा रोगी जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. पुण्यात धाकाला जे साधले नाही, ते मारवाडच्या वाळूत विनवणीने साधले.

या यशाचा स्तंभ कोठेही उभा नाही. आमच्या मुलांना नारू हा शब्दच ठाऊक नाही, हेच त्याचे स्मारक. तथापि विस्मरणाबरोबर बेफिकिरी येते, हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. निरीक्षकाच्या हाताखाली राबणाऱ्या सफाई कामगारांविषयी तर आम्ही अधिकच ऋणी असावयास हवे. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला, तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरतातच. हे लांच्छन तुमचे-आमचे सर्वांचे आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी एवढेच सुचवावेसे वाटते. पाण्याची टाकी तपासावयास कोणी दाराशी आला, तर त्यास उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवू नये. कूलरमधील साचलेले पाणी त्याने सांगण्यापूर्वीच ओतून टाकावे. ज्या भूमीने आम्हांस आसरा दिला, तिचे पाणी निर्मळ राखणे हीच आमची खरी वर्गणी होय.